स्कायबोल्ट प्रकरण, १९६२: दोघांनीही वाट पाहिली

दोन देशांची दोस्ती पक्की असेल तर संरक्षणाच्या व्यवहारात सगळं काही लिहून घ्यायची गरज नसते, असं मानणारे बरेच भेटतात. ‘आपल्या माणसात कसला आलाय करार?’ असा तो सूर. तो ऐकला की मला १९६२ सालचं स्कायबोल्ट या अमेरिकी क्षेपणास्त्राचं प्रकरण आठवतं. अमेरिका आणि ब्रिटन हे दोन देश महायुद्ध खांद्याला खांदा लावून लढले होते. भाषा एक, गुप्त माहितीची देवाणघेवाण रोजची, राजदूत तर राष्ट्राध्यक्षांचा जुना मित्र. तरीही एका क्षेपणास्त्रापायी सहा आठवड्यांत संबंध इतके ताणले गेले की ब्रिटनचं सरकार टिकतं की नाही अशी वेळ आली. आणि यात कोणी कोणाला फसवलं नव्हतं.

आधीचा हिशेब

ब्रिटिशांच्या मनात एक जुना सल होता, तो आधी सांगायला हवा. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बवर ब्रिटनचं काम अमेरिकेच्या आधी सुरू झालं होतं. १९४३ च्या क्वेबेक कराराने ते अमेरिकेच्या प्रकल्पात विलीन झालं आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेत जाऊन राबले. युद्ध संपलं, आणि १९४६ साली अमेरिकी संसदेने मॅकमहॉन कायदा करून अणुविद्येची दारं सगळ्या परक्यांना बंद केली. त्या परक्यांत ब्रिटनही आला. मग ब्रिटनने स्वतःच्या हिमतीवर १९५२ साली बॉम्बची चाचणी केली, १९५७ मध्ये हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या सुरू केल्या. तेव्हा कुठे १९५८ च्या परस्पर संरक्षण करारानं ते दार पुन्हा उघडलं.

बॉम्ब झाला, पण तो टाकायचा कसा? ब्रिटनकडे व्हॅलियंट, व्हिक्टर आणि व्हल्कन ही बॉम्बर विमानं होती. सोव्हिएत विमानभेदी क्षेपणास्त्रं सुधारत चालली तसा या विमानांना मॉस्कोपर्यंत पोहोचण्याचा भरवसा उरला नाही. ‘ब्लू स्ट्रीक’ हे जमिनीवरून डागायचं ब्रिटिश क्षेपणास्त्र तयार होत होतं. पण ते द्रवइंधनावर चालणारं, एका जागी खिळलेलं, उडवण्याआधी इंधन भरावं लागणारं. शत्रूने आधी हल्ला केला तर ते जमिनीवरच संपणार. एप्रिल १९६० मध्ये सरकारने ते रद्द केलं. तोवर सुमारे सहा कोटी पौंड खर्च झाले होते.

रद्द करण्याचं धाडस झालं, कारण हातात पर्याय होता. त्याच्या महिनाभर आधी, मार्च १९६० मध्ये, पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन कॅम्प डेव्हिडला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना भेटले होते. तिथे ठरलं की अमेरिका तयार करत असलेलं स्कायबोल्ट ब्रिटनला विकत मिळेल. त्याच भेटीत अमेरिकेला स्कॉटलंडमध्ये आपल्या पोलॅरिस पाणबुड्यांसाठी (पोलॅरिस म्हणजे पाणबुडीतून डागायचं क्षेपणास्त्र) तळ देण्याबद्दलही बोलणं झालं. ग्लासगोपासून फार लांब नसलेली होली लॉक ही खाडी पुढे त्यासाठी ठरली आणि मार्च १९६१ मध्ये अमेरिकेचं ‘प्रोटियस’ हे पाणबुड्यांची देखभाल करणारं जहाज तिथे येऊन उभं राहिलं. सोव्हिएत लक्ष्यांच्या यादीत आता हा भागही आला, हे तिथल्या लोकांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता या दोन गोष्टी म्हणजे एक सौदा होता का? कागदावर नाही. ब्रिटिश मनात मात्र पक्का होता: आम्ही तळ दिला, तुम्ही क्षेपणास्त्र द्या. माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ या न लिहिलेल्या सांध्यात आहे.

ती वस्तू होती कशी

स्कायबोल्ट हे विमानाच्या पंखाखाली टांगून न्यायचं दोन टप्प्यांचं घनइंधन क्षेपणास्त्र. बनवणारी डग्लस एअरक्राफ्ट कंपनी. पल्ला सुमारे १,८५० किलोमीटर. अमेरिकेचं बी-५२ अशी चार नेणार होतं, ब्रिटनचं व्हल्कन दोन. म्हणजे बॉम्बरने सोव्हिएत हद्दीत घुसायचीच गरज नाही. बाहेरूनच सोडायचं आणि परतायचं. ब्रिटनचं स्वतःचं ‘ब्लू स्टील’ याच धर्तीचं होतं, पण त्याचा पल्ला जेमतेम दोनशे किलोमीटरच्या आसपास.

कल्पना देखणी, पण करायला महाकठीण. जमिनीवरच्या क्षेपणास्त्राला आपण कुठे उभे आहोत हे सेंटीमीटरपर्यंत ठाऊक असतं. उडत्या विमानातून सुटणाऱ्याला ते ठाऊक नसतं. आणि सुरुवातीची जागा चुकली की शेवटची जागा चुकलीच. म्हणून स्कायबोल्टमध्ये तारे पाहून स्वतःची जागा निश्चित करणारं यंत्र बसवायचं होतं. थरथरत्या पंखाखाली लटकलेल्या नळकांड्याने दिवसाउजेडी तारा शोधायचा, दिशा पक्की करायची आणि मग सुटायचं. १९६२ सालचं इलेक्ट्रॉनिक्स डोळ्यांसमोर आणलं तर हे किती ओढून ताणून चाललं असेल त्याचा अंदाज येतो.

१९६० च्या व्यवहाराची अट पाहण्यासारखी आहे. विकासाचा खर्च अमेरिकेचा. ब्रिटनने आपल्या विमानांवर ते बसवण्यासाठी लागणारे फेरफार आणि स्वतःचा अण्वस्त्र-स्फोटक भाग एवढंच पाहायचं, आणि क्षेपणास्त्र तयार झालं की शंभरएक नग विकत घ्यायचे. लंडनमध्ये यावर खुशी होती. शेकडो कोटींचं संशोधन फुकटात मिळत होतं! मला मात्र हीच सर्वात महाग अट वाटते. ज्याने विकासात पैसा घातला नाही त्याला प्रकल्प चालू ठेवायचा की नाही या बैठकीत खुर्ची मिळत नाही. ब्रिटन गिऱ्हाईक होता, भागीदार नव्हता. आणि गिऱ्हाइकाने आपली स्वतःची भट्टी आधीच विझवून टाकली होती.

ब्रिटिश सरकारचे वैज्ञानिक सल्लागार सॉली झुकरमन स्कायबोल्टबद्दल साशंक होते. पण हवाई दलाला ते हवं होतं. बॉम्बर विमानांचं आयुष्य वाढत होतं. पोलॅरिसकडे वळायचं तर अण्वस्त्रांचा धाक सांभाळण्याचं काम, आणि त्यासोबत पैसा, नौदलाकडे जाणार होता. घरातलं हे भांडण कोणालाच काढायचं नव्हतं.

वॉशिंग्टनमधली आकडेमोड

१९६१ मध्ये केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले आणि संरक्षण मंत्रालयात रॉबर्ट मॅकनामारा बसले. फोर्ड कंपनीतून आलेला, प्रत्येक शस्त्राला ‘एवढ्या पैशात किती काम?’ असं विचारणारा माणूस. त्यांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. जमिनीखाली मिनिटमन क्षेपणास्त्रं येत होती, समुद्रात पोलॅरिस होतं, विमानांसाठी हाउंड डॉग हे क्षेपणास्त्र आधीच होतं. त्यात स्कायबोल्टचा खर्च वाढत चाललेला, वेळापत्रक घसरत चाललेलं, आणि १९६२ मध्ये झालेल्या एकामागून एक पाच चाचण्या फसलेल्या. अमेरिकेच्या भात्यातला हा चौथा-पाचवा बाण. तो काढून टाकला तर भाता रिकामा होत नव्हता.

ब्रिटनच्या भात्यात मात्र तो एकच होता.

हे मॅकनामारांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना हेही कळत होतं की ब्रिटनला बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. पण काय द्यायचं यावर वॉशिंग्टनमध्येच एकमत नव्हतं. परराष्ट्र खात्यातल्या एका गटाला, ज्यात जॉर्ज बॉल ठळक होते, ब्रिटनचा स्वतंत्र अणुधाक संपलेलाच बरा वाटत होता. ब्रिटनला खास वागणूक दिली तर फ्रान्स चिडेल, जर्मनीला बॉम्ब हवासा वाटेल. त्यापेक्षा नाटोच्या अनेक देशांचे खलाशी एकत्र असलेलं सामायिक अण्वस्त्र दल उभारावं, असं त्यांचं म्हणणं. स्कायबोल्ट आपोआप मरत असेल तर त्यांना ती पर्वणीच होती.

ऑक्टोबर क्यूबाच्या पेचात गेला. क्षेपणास्त्रांवरून जग काठावर उभं असताना एका अर्धवट क्षेपणास्त्राकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. ७ नोव्हेंबरला केनेडींसमोर विषय आला आणि रद्द करण्याकडे कल ठरला. दुसऱ्या दिवशी मॅकनामारांनी ब्रिटिश राजदूत डेव्हिड ऑर्म्सबी-गोर यांना कल्पना दिली. ९ नोव्हेंबरला त्यांनी ब्रिटनचे संरक्षण मंत्री पीटर थॉर्निक्रॉफ्ट यांना फोन केला.

या फोनपाशी जरा थांबू. मॅकनामारांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी सभ्यपणाची शर्थ केली: अंतिम निर्णय व्हायच्या महिनाभर आधी मित्राला सावध केलं. आता ब्रिटिश आपल्याला काय हवं ते सांगतील, बहुधा पोलॅरिस मागतील, मग आपण बोलू. थॉर्निक्रॉफ्टच्या बाजूने तोच फोन वेगळा ऐकू आला: अमेरिका शब्द मागे घेण्याच्या बेतात आहे, तेव्हा बदल्यात काय देणार हे तिनेच सांगायला हवं. ज्याने दिलेलं काढून घेतलं त्यानेच भरपाई पुढे करावी. आपण का हात पसरावा?

फोन ठेवला. एक म्हणाला ते मागतील. दुसरा म्हणाला ते देतील. आणि मग जवळजवळ महिनाभर दोघेही थांबून राहिले.

मध्यंतरी कोणी काहीच केलं नाही असं नाही. कागद फिरले, राजदूताने इशारे दिले. पण लंडनमध्ये मॅकमिलन आणि त्यांचे निकटवर्ती मानून चालले होते की केनेडी वेळ आल्यावर बरोबर वागतील. वॉशिंग्टनमध्ये सगळे मानून चालले होते की ब्रिटिशांना खरोखर घाई असती तर त्यांनी ओरड केली असती. दोघांनाही आपण समोरच्याला नीट ओळखतो अशी खात्री होती. तिऱ्हाईत देश असता तर दुसऱ्याच दिवशी लेखी खुलासा मागितला असता.

गॅटविकचं निवेदन

५ डिसेंबरला वेस्ट पॉइंट इथे माजी परराष्ट्र मंत्री डीन अॅचेसन यांनी एका भाषणात म्हटलं की ब्रिटनने साम्राज्य गमावलं आहे आणि नवी भूमिका त्याला अजून सापडलेली नाही. या भाषणाचा स्कायबोल्टशी काही संबंध नव्हता, अॅचेसन सरकारमध्येही नव्हते. पण लंडनच्या वर्तमानपत्रांत ते वाक्य मिठासारखं जखमेवर पडलं.

सहा दिवसांनी, ११ डिसेंबरला, मॅकनामारा लंडनला आले. गॅटविक विमानतळावर उतरताच त्यांनी पत्रकारांसमोर निवेदन केलं: स्कायबोल्टच्या आतापर्यंतच्या पाचही चाचण्या अपयशी ठरल्या आहेत. यजमान मंत्र्याशी भेट व्हायच्या आधी! कारखान्याच्या मालकाने दुकानदाराशी बोलण्याआधी चौकात उभं राहून माल खराब असल्याची दवंडी पिटावी, तसं झालं. मॅकनामारांच्या मते ते फक्त वस्तुस्थिती सांगत होते. वस्तुस्थिती खरीच होती. पण संसदेत तोंड दाखवायचं होतं ते थॉर्निक्रॉफ्टना.

बैठक कडवट झाली. मॅकनामारांनी तीन वाटा ठेवल्या: ब्रिटनने स्कायबोल्ट स्वतः पुढे न्यावं, हाउंड डॉग घ्यावं, किंवा नाटोच्या सामायिक दलात सामील व्हावं. पहिली वाट ब्रिटनच्या खिशाला झेपणारी नव्हती. हाउंड डॉगचं जेट इंजिन पोटाखाली लोंबतं, आणि ब्रिटिश बॉम्बर जमिनीपासून फार उंच नसल्याने ते त्यांच्याखाली मावतच नव्हतं. तिसरीत स्वतंत्र धाक उरत नव्हता. थॉर्निक्रॉफ्टनी मग पोलॅरिसचं नाव काढलं. सरळ हो किंवा नाही असं उत्तर मॅकनामारांना देता येईना, कारण घरी त्यावर एकमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या ब्रिटिश वर्तमानपत्रांत विश्वासघाताची भाषा होती. हुजूर पक्षाच्या खासदारांत असंतोष उसळला. मॅकमिलनांच्या सरकारची प्रकृती आधीच नाजूक होती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी एका फटक्यात मंत्रिमंडळाचा एक तृतीयांश भाग काढून टाकला होता.

नासाऊ

१८ डिसेंबरला बहामाच्या नासाऊ शहरात केनेडी आणि मॅकमिलन भेटले. भेट आधीपासून ठरलेली होती, विषय निराळे होते. विमानात केनेडींसोबत राजदूत ऑर्म्सबी-गोर होते. त्या प्रवासात केनेडींनी एक तोड काढली: पुढचा विकासखर्च दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा. महिनाभर आधी हा प्रस्ताव आला असता तर बहुधा ब्रिटनने तो डोळे मिटून घेतला असता. पण आदल्याच दिवशी, १७ डिसेंबरला, केनेडींनी टीव्हीवरच्या मुलाखतीत अडीच अब्ज डॉलर घालून हे बनवण्यात अर्थ नाही असं सांगून टाकलं होतं. खुद्द बनवणाराच नाकं मुरडतोय ते शस्त्र घेऊन रशियाला धाक कसा दाखवायचा? मॅकमिलननी लग्नाची उपमा दिली: वधूच्या कौमार्याबद्दल आता शंका आहे. आज कोणी पंतप्रधान ती उपमा देणार नाही, पण मुद्दा बिनतोड होता.

मग ६८ वर्षांच्या मॅकमिलननी ४५ वर्षांच्या केनेडींसमोर सगळा इतिहास मांडला. युद्धकाळातली अणुसंशोधनाची भागीदारी, आयझेनहॉवरचा शब्द, होली लॉक. पोलॅरिस मिळालं नाही तर ब्रिटन एकट्याने आपली वाट धरेल, कितीही खर्च येवो, आणि मग जे सरकार येईल ते अमेरिकेचं मित्र असेलच असं नाही. त्यात नाटकाचा भाग किती आणि खरी वेदना किती हे सांगणं कठीण आहे. मॅकमिलन दोन्हींत पटाईत होते. केनेडी स्वतः राजकारणी होते, आणि समोरचा माणूस रिकाम्या हाताने परतला तर संपेल हे त्यांना कोणत्याही तक्त्यापेक्षा लवकर उमगलं.

२१ डिसेंबरला तोडगा निघाला. अमेरिका पोलॅरिस क्षेपणास्त्रं विकेल, पाणबुड्या आणि अण्वस्त्र-स्फोटक भाग ब्रिटन बनवेल. ही पाणबुडी-दलं नाटोच्या हाती असतील. मात्र देशाचं सर्वोच्च हित पणाला लागलं आहे असं ब्रिटिश सरकारला वाटेल तेव्हा ती त्याची स्वतःची. परराष्ट्र खात्याला नाटो दिसलं, मॅकमिलनना अपवाद दिसला. एकच वाक्य दोघांनी आपापल्या घरी नेलं.

दुसऱ्याच दिवशी, २२ डिसेंबरला, अमेरिकी हवाई दलाने स्कायबोल्टची सहावी चाचणी केली. ती यशस्वी झाली. केनेडी भडकले.

बाहेरचा फटका

नासाऊच्या दोनच दिवस आधी मॅकमिलन फ्रान्समध्ये रांबुइये इथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना भेटून आले होते. युरोपीय आर्थिक समुदायात ब्रिटनला प्रवेश हवा होता आणि द गॉल यांचा सूर तिथेच थंड होता. केनेडींनी पोलॅरिसचा तसाच प्रस्ताव फ्रान्सलाही धाडला; पण फ्रान्सकडे त्यावर बसवायला योग्य स्फोटक नव्हतं आणि ते न्यायला पाणबुड्या नव्हत्या. १४ जानेवारी १९६३ च्या पत्रकार परिषदेत द गॉल यांनी ब्रिटनला दार बंद केलं आणि पोलॅरिसही नाकारलं. नासाऊमुळेच नकार आला असं म्हणणं मला पटत नाही. नकार आधीच तयार होता. नासाऊने त्याला आयतं निमित्त दिलं, ब्रिटन आधी अमेरिकेचा आणि मग युरोपचा हे दाखवायला.

दुसऱ्यांदा लिहिलेला कागद

६ एप्रिल १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये पोलॅरिस विक्री करारावर सह्या झाल्या. हा कागद वाचताना चटका बसलेल्या हाताचं लिखाण वाटतं. क्षेपणास्त्राच्या किमतीवर ब्रिटनने ५ टक्के जास्त द्यायचे, विकासखर्चातला वाटा म्हणून. रक्कम फार मोठी नव्हती, पण फुकटेपणाचा शिक्का पुसला गेला. दोन्ही नौदलांच्या अधिकाऱ्यांचा संयुक्त गट नेमला गेला, जो नियमित भेटून अडचणी वर जाण्याआधीच सोडवणार होता. पुरवठा पुढेही चालू राहील हे स्पष्ट लिहिलं गेलं. या वेळी लंडनच्या मंत्र्याने फोनची वाट पाहायची नव्हती. दोन्हीकडचे कप्तान आणि इंजिनिअर एकमेकांच्या कार्यालयात बसलेले होते.

काम वेळेत झालं, जे संरक्षण खरेदीत क्वचितच घडतं. रिझोल्यूशन, रिपल्स, रिनाउन आणि रिव्हेंज अशा चार पाणबुड्या बॅरो आणि बर्कनहेडच्या गोद्यांत बांधल्या गेल्या. पाचवी मजूर पक्षाच्या सरकारने १९६५ मध्ये रद्द केली. जून १९६८ मध्ये रिझोल्यूशन पहिल्या गस्तीवर गेली. पुढच्या वर्षी अणुधाकाची जबाबदारी हवाई दलाकडून नौदलाकडे आली.

केनेडींना मात्र हे सगळं खटकत राहिलं. आपण आणि आपले मित्र, दोघेही हुशार, दोघांचा हेतू चांगला, तरी इतका घोळ कसा झाला? त्यांनी कोलंबिया विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड न्यूस्टॅट यांना शोध घ्यायला सांगितलं. दोन्ही राजधान्यांतल्या माणसांशी बोलून लिहिलेला गुप्त अहवाल नोव्हेंबर १९६३ च्या मध्याला त्यांच्या हाती आला. तो त्यांनी वाचला. त्यानंतर काही दिवसांतच डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली.

खरी परीक्षा झाली ती अठरा वर्षांनी. जुलै १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांनी पोलॅरिसच्या जागी अमेरिकेचं ट्रायडंट सी-४ हे क्षेपणास्त्र घ्यायचं ठरवलं. नवा करार लिहिला नाही. १९६३ चाच पुढे लागू केला. आणि मग ऑक्टोबर १९८१ मध्ये रेगन प्रशासनाने जाहीर केलं की अमेरिका सी-४ सोडून अधिक मोठ्या डी-५ कडे लवकर वळणार. पुन्हा तीच गोष्ट: ब्रिटनने निवडलेलं शस्त्र बनवणाराच मागे टाकत होता. या वेळी कराराची चौकट होती, रोजची ये-जा होती, दोन्हीकडे कोणाला फोन करायचा हे ठाऊक होतं. ११ मार्च १९८२ ला थॅचर आणि रेगन यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली आणि ब्रिटनने डी-५ घेतलं.